अर्धाच फळा

उत्तरपत्रिका तपासताना मी कुणाचंच भलं चिंतत नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतेय आणि तेवढीच वर्षं पेपर तपासतेय. मुलं मला ‘दुर्बीण’ म्हणतात. समोर नाही, पण कळतं मला. वर्गात मान खाली घालून जो हसतो त्याच्या मांडीवर मोबाईल असतो, असं माझं ठाम मत आहे, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरं निघतं. दहाव्या वेळी मी माफी मागत नाही.

मूल्यांकन केंद्रात आम्ही तीसेक मास्तर लांब टेबलांवर समोरासमोर बसतो. मोबाईल दारातल्या पेटीत जमा करायचे, गठ्ठा सही करून घ्यायचा, संध्याकाळी सही करून परत द्यायचा. उत्तरपत्रिकेवर ना नाव ना कॉलेज, नुसता काळ्या पट्ट्यांचा कोड. चार कॉलेजांचे पेपर पत्त्यांसारखे पिसून आमच्यापुढे टाकतात. यंदा प्रश्नपत्रिका मीच काढलेली होती. चौथ्या प्रश्नात एक तक्ता दिला होता: विद्यार्थी रोज किती तास समाजमाध्यमांवर असतात आणि त्यांना किती गुण पडतात. तास वाढतात तसे गुण घटतात, हे तक्त्यात उघड दिसत होतं. त्यावरून काय निष्कर्ष काढता येईल, ते लिहा. गुण दहा. उत्तर सोपं: दोन गोष्टींचा संबंध दिसतो, पण एकीमुळे दुसरी घडते हे यातून सिद्ध होत नाही. ‘मोबाईल हेच कारण’ असं लिहिणाऱ्याला शून्य, अशी सूचनाही तपासनिसांसाठी मीच लिहून दिली होती. एवढंही ज्याला कळत नाही त्याने संख्याशास्त्र घेतलं कशाला?

तिसऱ्या दिवशी दुपारी एका पेपरात वाचलं: ‘मोबाईल हे बादलीचं भोक आहे. भोक बुजवा, पाणी आपोआप टिकेल.’ शून्य दिलं आणि मनाशी हसले. तीन पेपरांनंतर पुन्हा तेच. तेच भोक, तीच बादली, ‘आपोआप’सुद्धा त्याच जागी. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मी तपासून झालेले गठ्ठे परत मागवून घेतले. समोरचे झोपाळू सर डोळे किलकिले करत म्हणाले, “काय मॅडम, हरवलं काय?”

“काही नाही. बेरीज बघतेय.”

खरं कशाला सांगू? त्यांच्याही गठ्ठ्यात बादल्या असतील आणि त्यांनी झोपेत पैकीच्या पैकी दिले असतील, असा मला दाट संशय होता. माझ्याकडच्या एकशेवीस पेपरांत तेवीस बादल्या निघाल्या. एका वर्गातली मुलं एकमेकांचं बघून लिहितात, ते समजू शकते. पण पेपर पिसलेले, म्हणजे ही तेवीस मुलं वेगवेगळ्या इमारतींत बसलेली असणार. वेगवेगळ्या इमारतींत एकच बादली जाते कशी? एकच वाट: पेपर फुटला. कुणीतरी प्रश्न आधी बाहेर काढला, तयार उत्तर बनवलं आणि मोबाईलवरून सगळीकडे फिरवलं.

इथे मीही घाबरले, ते लपवत नाही. पेपर काढणारी मी. फुटला म्हटल्यावर पहिलं बोट माझ्याकडे वळणार. म्हणून दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत मीच लेखी तक्रार केली. चांगली दोन पानी, क्रमांक घालून. परीक्षाप्रमुखांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

“मॅडम, हे आपण म्हणताय म्हणजे असणारच काहीतरी.”

“असणारच काय? आहेच. कुठेतरी पाणी मुरतंय सर.”

कोड उघडले. तेवीस मुलं चारही कॉलेजांतली निघाली, त्यातली नऊ माझ्याच कॉलेजातली. तेविसांचे निकाल राखून ठेवले आणि चौकशी समिती बसवली: परीक्षाप्रमुख, कायदा शिकवणारे एक सर, आणि तक्रारदार म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत मी. आरोप सिद्ध झाला तर दोन वर्षं परीक्षेला बसायला बंदी. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, बादली काय जगात एकच आहे? सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

चौकशीत पहिली पाच-सहा मुलं ‘ऑनलाइन बघितलं’ एवढंच पुटपुटत राहिली. कुठे, कुणाचं, तर आठवत नाही. एक तर रडायलाच लागला. प्रत्येक उत्तरासरशी माझी खात्री वाढत गेली. खरं बोलणारा माणूस असा पुटपुटतो का?

मग ती आली. अंगात औषधाच्या दुकानाचा निळा डगला, खिशाला दुकानाचं पेन. यादीप्रमाणे माझ्याच वर्गातली, पण चेहरा मला आठवेना, आणि चेहरे मी विसरत नाही.

“वर्गात कधी दिसली नाहीस,” मी म्हणाले.

“सकाळी दुकान असतं मॅडम. आठ ते दोन. तुमचा तास नऊला.”

कायद्याच्या सरांनी विचारलं, “रोज किती वेळ मोबाईल बघतेस?”

“पाच तास. कधी सहा.”

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मीही बघितलं, म्हणजे ‘बघा, मी काय म्हणत होते’ असं.

“गिऱ्हाईक नसलं की बघते,” ती म्हणाली. “अभ्यासाचंच. वर्गात कुणी शूट केलेले तुकडे येतात ना, ते. माझा सगळा अभ्यास त्यावरच झालाय.” मग ती थेट परीक्षाप्रमुखांकडे वळली. “सर, मी फुटलेला पेपर बघितला नाही. मला हवामान कचेरीत आकडे नोंदवायच्या जागेसाठी निवडलंय. महिनाअखेर पास झाल्याचा कागद नेऊन दिला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. मी कशाला असलं काही करीन?”

“मग हे उत्तर आलं कुठून?” मी विचारलं. “बादली कुणाची?”

ती माझ्याकडे बघत राहिली. उद्धटपणा नव्हता त्यात. मला वाटतं तिला खरंच कळत नव्हतं की मी हे का विचारतेय.

“मॅडम, तुमची.”

परवानगी घेऊन तिने मोबाईल काढला, दोन-चारदा बोट फिरवलं आणि टेबलावर आडवा ठेवला. पडद्यावर माझी पाठ होती. माझी ती राखाडी साडी, माझा फळा, माझा तक्ता. आणि माझा आवाज, नेहमीपेक्षा जरा चढलेला: “मोबाईल हे बादलीचं भोक आहे. भोक बुजवा, पाणी आपोआप टिकेल!” मी तेच वाक्य फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा ओढते, खडू ठेवते आणि वर्गाकडे वळते. संपलं. चाळीस सेकंद. वर कुणीतरी लिहिलेलं: ‘परीक्षेला येणारच! मॅडमनी एका मिनिटात समजावलं.’ बघणाऱ्यांचा आकडा आमच्या चारही कॉलेजांतल्या मुलांपेक्षा मोठा होता. खाली पालकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती.

बाहेर व्हरांड्यात उरलेली मुलं खुर्च्या सरकवत होती.

आता माझी शिकवण्याची पद्धत सांगायला हवी. मी आधी चूक शिकवते. मुद्दाम. अगदी जीव ओतून, उदाहरण देऊन, मुलांना पटेपर्यंत. वर्ग माना डोलावतो, वहीत उतरवून घेतो. दहा मिनिटं मी त्यांना त्या चुकीत सुखाने राहू देते. मग विचारते, “पटलं? सगळ्यांना? मग तुम्ही सगळे फसलात.” आणि डस्टर न घेता, खडूनेच त्या वाक्यावर एवढी मोठी काट मारते. त्यानंतर शिकवलेलं जन्मात कुणी विसरत नाही, असं मी बावीस वर्षं अभिमानाने सांगत आलेय. चुकीच्या उदाहरणासाठी दरवर्षी जे सुचेल ते बोलते. कधी पंखा, कधी कुलूप, यंदा बादली. काट मारायचीच असते, लक्षात कोण ठेवतं? मी तरी ठेवलं नव्हतं.

“यानंतर मी ते खोडलं होतं,” मी म्हणाले. “दहा मिनिटांनी. पुढे सगळं समजावलं होतं.”

“पुढचं नाहीये मॅडम,” ती म्हणाली. “एवढंच आहे.”

परीक्षाप्रमुख खोकले. कायद्याचे सर खिडकीबाहेर बघायला लागले, आणि त्यांचे खांदे हलत होते असं मला वाटलं. हसत असतील तर हसू देत. माझ्यावर सगळं कॉलेज हसलं तरी कमीच होतं. तेवीस पोरांना मी चोर ठरवलं होतं, आणि चोरीचा माल माझ्याच घरचा. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून मी कारण ठरवून मोकळी झाले होते. उत्तरं सारखी, म्हणजे पेपर फुटला. हेच करणाऱ्याला शून्य द्या, असं मीच लिहून दिलं होतं ना?

आणि तरीही, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा: हे शूट केलं कुणी? तुकडा पहिल्या बाकाच्या डाव्या कोपऱ्यातून घेतलेला होता. तिथे माझी लाडकी, सगळ्यात आधी हात वर करणारी मुलगी बसते. की तिच्या मागचा, कायम वही उभी धरणारा? वहीमागे काय होतं त्याच्या?

“शूट कुणी केलं, हा वेगळा विषय करायचा का मॅडम?” परीक्षाप्रमुखांनी हळूच विचारलं.

“नको,” मी म्हणाले. नको म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

त्याच दिवशी मी तक्रार लेखी मागे घेतली. चूक माझ्या शिकवण्यातून बाहेर गेली, असंही लिहून दिलं. मुलांवरचा डाग गेला, निकाल मोकळे झाले, आणि तेवीस उत्तरपत्रिका चौथा प्रश्न नव्याने तपासायला माझ्याच टेबलावर परत आल्या.

इथे मी अडकले. कोड उघडल्यामुळे आता मला तिचा पेपर ओळखता येत होता. बाकीच्या प्रश्नांत छत्तीस. पास व्हायला चाळीस. चौथ्या प्रश्नात मी चार गुण दिले असते तर महिनाअखेरीला ती हवामान कचेरीत जाऊन बसली असती. पेपर मी तीनदा वाचला. अक्षर स्वच्छ, तक्ता नीट उतरवलेला, खाली दोन रेघासुद्धा ओढलेल्या, अगदी माझ्यासारख्या. चार गुण मिळतील असं एखादं अर्धं वाक्य शोधत राहिले. ‘बहुधा’ असता, ‘कदाचित’ असता तरी चाललं असतं. नव्हता. माझा एकही शब्द तिने बदलला नव्हता.

कुणामुळे नापास झाली ती? मोबाईलमुळे म्हणावं, तर मोबाईल नसता तर तिला माझं अर्धंही ऐकायला मिळालं नसतं. दुकानामुळे म्हणावं, तर दुकान तिने हौसेने धरलेलं नव्हतं. माझ्यामुळे म्हणावं, तर वर्गात बसलेल्या साठांपैकी एकही या तेविसांत नव्हता, हे मी यादी घेऊन ताडून बघितलं. खात्रीने म्हणता येईल असं काहीच हाताला लागेना. फक्त उत्तर चूक होतं, एवढं खात्रीने म्हणता येत होतं. आणि हवामान कचेरीत बसून ती उद्या असेच आकडे बघून असंच काही ठरवणार होती.

तेवीस ठिकाणी पुन्हा शून्य लिहिलं. तिच्या पेपरवर सगळ्यात शेवटी.

निकाल लागल्यावर चार दिवसांनी ती दुपारी स्टाफरूममध्ये आली. निळा डगला तसाच. मला वाटलं भांडायला आलीय, आणि मी तशी तयारीही ठेवली होती. ती टेबलासमोर उभी राहिली.

“मॅडम, जागा गेली. दुसऱ्याला दिली त्यांनी.”

“वाईट वाटतं मला,” मी म्हणाले. खरंच वाटत होतं. पण हे वाक्य फारच तोकडं होतं.

“सहा महिन्यांनी पुन्हा बसायचंय. सकाळचं दुकान तर सुटणार नाही.” तिने वही काढली. “त्या तुकड्याच्या पुढचं काय होतं, तेवढं सांगता?”

मी खुर्ची ओढून तिला बसवलं. या वेळी बादली नाही, पंखा नाही, काही नाही. सरळ खरं तेच सांगितलं. तास वाढले म्हणून गुण घटले असतील; किंवा गुण घटले म्हणून कंटाळून पोरं मोबाईलकडे वळली असतील; किंवा दोन्हींमागे तिसरंच काही असेल, आजारपण, घरची अडचण, नोकरी. तक्ता एवढंच सांगतो की दोघं सोबत दिसले. ती मान खाली घालून ऐकत होती. इतकं मन लावून माझं गेल्या कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नसेल.

“आलं लक्षात?” मी विचारलं.

“आलं.”

“मग लिहून घे ना.”

तिने वही उघडली. पेनाचं टोपण काढलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. अशा नजरेने मी बावीस वर्षं पोरांकडे बघत आलेय.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे खरं आहे ना? की दहा मिनिटांनी हेही खोडणार आहात?”

“खरं आहे,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि वही उघडी ठेवून, पेन हातात धरून, दहा मिनिटं व्हायची वाट बघत बसली.