पाहुणे येईपर्यंत

सरकारी निधीतून कित्येक वर्षे चाललेला आमचा भुयारी निचरा प्रकल्प संपला, तेव्हा त्याचे निष्कर्ष लोकांपर्यंत कसे न्यावेत हे ठरवण्यासाठी सांगलीत एक बैठक झाली. बैठकीत निष्कर्ष सोडून सर्व काही होते.

प्रकल्पाचे काम सरळ होते. क्षारपड झालेल्या शेतात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरायच्या, खारे पाणी त्यांतून ओढ्याला काढून द्यायचे आणि पांढरी पडलेली जमीन पुन्हा उसाला आणायची. कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून माझा जन्म पाटबंधाऱ्याच्या कामात गेला. निवृत्तीनंतर मोजमापे तपासण्यासाठी मला येथे घेतले होते. प्रसिद्धीसाठी मात्र पुण्याहून विश्वजीत नावाचे सल्लागार आणले होते. त्यांनी चर खणलेला कधी पाहिला नसावा, पण लोक काय ऐकतात ते आपल्याला कळते, अशी त्यांची पक्की खात्री होती.

त्यांनी पडद्यावर योजना मांडली. पलूसला मोठा मेळावा, ड्रोनने काढलेली चित्रफीत, गुळगुळीत कागदाची पुस्तिका, प्रवेशद्वारापाशी हसऱ्या उसाचा एक बाहुला आणि त्याच्या शेजारी फोटो काढून घेण्याची सोय. त्या बाहुल्याचे नाव काय ठेवावे यावर प्रकल्पप्रमुख ऋषिराज यांनी जितका वेळ घालवला, तितका वेळ ते कोणत्याही प्लॉटवर उभे राहिल्याचे मला आठवत नाही.

माझी शंका एकच होती. नळीभोवती गुंडाळलेले गाळणीचे कापड आमच्या पलूसच्या प्लॉटमधील चिकण काळ्या मातीत पहिल्या पावसाळ्यानंतर बुजले होते. ज्या नळ्यांभोवती वाळू-खडीचा थर दिला, त्या वाहत राहिल्या. एवढ्या खटाटोपातून शेतकऱ्याच्या उपयोगाचे जे काही हाती लागले, ते हेच. पुस्तिकेत ते कोठे आहे, असे मी विचारले.

“सर, ते मुद्दामच घेतलेलं नाही,” विश्वजीत म्हणाले. “अपयश दाखवलं की सगळं ब्रँडिंग मार खातं.”

हे अपयश नव्हे, हाच निष्कर्ष आहे, असे मी म्हणालो. त्यावर ऋषिराज यांनी समाधानाने सांगितले की, तो अंतिम अहवालाच्या परिशिष्टात घेतलेला आहे. परिशिष्ट इंग्रजीत होते आणि अहवाल दिल्लीला गेला होता. पलूसच्या शेतकऱ्याने तेथे जाऊन तो वाचावा, अशी बहुधा अपेक्षा असावी.

मेळाव्याची वेळ संध्याकाळची ठेवली होती, कारण पडद्यावरचे चित्र उजेडात दिसत नाही. चित्रफितीनंतर भोजन. ज्या गावांना बोलावणे आहे तेथे जैन घरे बरीच आहेत आणि ती माणसे दिवस मावळायच्या आत जेवतात, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. विश्वजीत यांनी ते तत्परतेने टिपून घेतले. पुढे कळले की, त्यांनी जेवणातून कांदा-बटाटा काढला. वेळ तीच ठेवली.

हे सारे नुसते हास्यास्पद असते, तर मी घरी स्वस्थ बसलो असतो. पण मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी राजमती मगदूम यांच्या शेतात चर काढायला पोकलेन येणार होते.

राजमतीबाईंचे शेत आमच्या प्लॉटला लागूनच, त्याच चिकण काळ्या मातीचे होते आणि पार खारवले होते. त्यांचा मुलगा पारस ते वीटभट्टीवाल्याला द्यायला निघाला होता. बाईंनी हट्टाने एक संधी मागून घेतली होती: नळ्या पुरून पाहायच्या, आणि पाणी निघाले नाही तर माती भट्टीला. भट्टीला गेलेली माती शेतात परत येत नाही. आणि त्यांच्या अंगणात कापड गुंडाळलेल्या नळ्यांची वेटोळी येऊन पडली होती.

मी त्यांच्या घरी गेलो आणि त्या नळ्या दुकानदाराला परत करा, असे सांगितले. पारसने उत्तरादाखल मोबाईल माझ्यापुढे धरला. प्रकल्पाच्या चित्रफितीचा एक तुकडा गावभर फिरत होता. त्यात शेजारचा वर्धमान आपल्या शेतातल्या आमच्या प्लॉटवर उभा राहून नळी झकास चालल्याचे सांगत होता. एवढा खर्च करून केलेल्या कामाविषयी एकटा निवृत्त माणूसच विरुद्ध बोलतो, याचा पारसने काढायचा तो अर्थ काढला.

“आवं साहेब, माझा इस्वास हाय तुमच्यावर,” राजमतीबाई म्हणाल्या. “पर ही पोरं घरात सांगितलेलं ऐकत्यात व्हय? स्टेजवरनं कुणीतरी म्हणू द्या.”

तेथून मी वर्धमानकडे गेलो. त्याने खरे तर दोन वाक्ये सांगितली होती. पहिल्या वर्षी नळी चांगली वाहिली, हे पहिले. पुढे बंद पडली, हे दुसरे. विश्वजीत यांनी दुसरे कापून टाकले. मग तू तक्रार का केली नाहीस, असे मी विचारले. त्याने मला बाहेर नेऊन चौकातला फलक दाखवला. त्यावर फेटा बांधलेला वर्धमान हत्तीएवढा छापला होता.

“फोटू लय झ्याक आलाय,” तो म्हणाला. “आता कशाला वाद घालायचा?”

अशा माणसापुढे युक्तिवाद मांडणे मला जमत नाही. मी परत आलो.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्याकडे आभारप्रदर्शन दिले होते, म्हणजे खुर्च्या उचलायला लागल्यावर जे होते ते. त्याच वेळी जे सांगायचे ते सांगावे, असे मी ठरवले होते. पण मेळाव्याच्या दिवशी मुंबईहून येणारे प्रमुख पाहुणे वाटेतच अडकले आणि त्यांच्याशिवाय दीप लावायचा नाही, असे ऋषिराज यांनी ठरवले. निवेदकाचे शेर संपले, विनोद संपले. विनोद पहिल्यापासूनच संपलेले होते. ऊन मंडपाच्या कडेला सरकले. बायकांच्या रांगेत राजमतीबाई मावळतीकडे पाहून पिशवी आवरू लागल्या. त्या एकदा गेल्या की सकाळी पोकलेन कापडाच्याच नळ्या पुरणार होते.

तेवढ्यात विश्वजीत कानाला फोन लावलेल्या अवस्थेत माझ्याकडे आले. “सर, पाहुणे येईपर्यंत दोन शब्द बोला ना. काहीही चालेल.”

काहीही चालेल असे त्यांनीच म्हटल्यामुळे मी निष्कर्ष सांगितला. कोणत्या मातीत कापड बुजले, कोणत्या नळ्या वाहत्या राहिल्या, आणि हे पुस्तिकेत का नाही, तेही सांगितले. ऋषिराज मागून माझा सदरा ओढत होते. विश्वजीत ध्वनिक्षेपकवाल्याला खुणा करत होते, पण तो गावचाच होता आणि ऐकत होता.

राजमतीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. व्यासपीठावर, स्वतःच्याच चित्राखाली, फेटा बांधून वर्धमान बसला होता.

“वर्धमाना, खरं सांग रं. नळी वाहती का तुझी?”

“पयल्या साली वाहिली, काकी.”

“मी आत्ताचं इचारतीया.”

वर्धमानने वळून आपल्या चित्राकडे पाहिले, जणू उत्तर त्यानेच द्यायचे होते. मग खाली बघत म्हणाला, “आता न्हाई. बुजलीया.”

“मग तिथं वर दात काढून कशाला हुबा हायस?” मागच्या रांगेतून कोणीतरी विचारले आणि मंडप हसला. हसतहसतच निम्मे लोक जेवायला घरी निघाले.

पाहुणे अंधार पडल्यावर पोहोचले. चित्रफीत वाढप्यांनी आणि गाड्यांच्या चालकांनी पाहिली. मेळाव्याला उदंड प्रतिसाद मिळाल्याचे अहवालात नमूद आहे, असे मला पुढे समजले. त्यासोबत जोडलेले छायाचित्र बाहुल्याचे आहे. यातले काही पाहायला मी तेथे नव्हतो; लोक जेवायला उठले तेव्हाच मीही बाहेर पडलो होतो.

फाटकापाशी पारस छोटा टेम्पो चालू करून उभा होता. त्याने एवढेच विचारले, “खडी कंची घ्यायची? नदीची का खाणीची?”

मी सांगू लागलो, तो टेम्पोत बसलेल्या राजमतीबाईंनी त्याला थांबवले.

“पारस, दिवस बुडाला तर मला उपाशी निजावं लागंल. साहेबास्नी आत घे. खडीचं वाटंनं इचार.”

मी चढून बसलो. खडी धुऊन घ्यावी लागते, येथून मी सुरुवात केली.