पुढची जागा

"समोर ये ना, दुर्पते. मांगं लय हादरते."

कचारगडच्या जत्रेला जाताना ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारची आपली जागा सोडून नवऱ्यानं, चैतरामनं तिला हाक मारली होती, आणि स्वतः मागं ट्रॉलीत जाऊन बसला होता. चैतराम गेला, हाक तेवढी राहिली.

मग विमानात ती एकदा पुढं बसली, आणि कुडवा गावात तिचं नाव झालं. मुंबईला लेकाच्या, दुर्गेशच्या घरी नातू खेळवला. नातू चालायला लागला, आजीचं काम सरलं. परतताना बसली ती मोठ्या लोकांच्या खुर्चीत. पाय पसरायला ऐसपैस जागा, हात पुसायला ऊन-ऊन रुमाल, पाण्याला काचेचा गिलास. खिडकीत ढगच ढग, बोलायला कोणी नाही.

"दुर्गेशनं काढलं का वं महागाचं तिकीट?" शेजारच्या रुख्मानं विचारलं होतं. दुर्पतानं नुसती मान हलवली. त्या एका होकारावर तिचा अख्खा हिवाळा निघाला.

आज रुख्माला तिच्या लेकानं, अश्विननं, मोटरसायकलवर दवाखान्यातून आणलं. तो तिला धरून उतरवत होता आणि ती त्याच्यावरच करवादत होती.

"हाडं खिळखिळे केले माये! त्या दुर्गेशले पाह्य. मायले राणीवानी विमानात समोर बसवते. अन् तू?"

"अवं माय, फटफटीवर तुले समोर बसवलं तं हँडल कोण धरन?"

अश्विन हसला, पण हसू ओठांवरच विरलं. खाली बसून तो तिच्या सुजल्या पायातली चप्पल काढू लागला.

दुर्पता ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"रुख्मा, ते जागा दुर्गेशनं नाही देली."

"मंग कोणं देली?"

"नागपूरवरी सोबत येतो म्हणे. आलाच नाही. विमानतळाच्या दारातूनच वापस गेला. मायं तिकीट मांगचंच होतं. काउंटरवरची पोरगी म्हणे, मांगचे तिकिटं जास्त इकले गेले, समोर एकच खुर्ची खाली हाय. जोडीनं आलेल्याले देता येत नाही. मंग मले पुसलं, आजी, तुमच्यासंगं कोणी हाय का?"

अश्विनचा हात चपलेवरच राहिला.

"मंग?" रुख्मा हळूच म्हणाली.

दुर्पतानं सुपातला कोंडा फुंकला.

"मी म्हटलं, कोणी नाही. म्हून भेटली."