या जेवायला

आमच्या आखाडा बाळापुरात माणूस जेवायला बसला आणि दारावरून कुणी गेलं, की "या जेवायला" म्हणावंच लागतं. जाणाऱ्यानं पाय न थांबवता "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचं. बोलावणाऱ्याला तो यायला नको असतो, जाणाऱ्यालाही यायचं नसतं, तरी दोघांना बरं वाटतं. आमची गल्ली या बाबतीत भलतीच उदार. टोपल्यात अर्धी भाकरी असली तरी सगळा रस्ता जेवायला बोलावते.

हा चांगला चाललेला कारभार माझ्या भीमराजनं बिघडवला.

तेव्हा तो सहा-सात वर्षांचा असेल. माझे धाकटे चुलत दीर हरिचंदभाऊजी ओसरीवर जेवत होते. ग्रामपंचायतीचे मेंबर, त्यामुळं घरातही भाषण केल्यासारखे बोलतात. भीमराज समोरून चाललेला बघून त्यांनी खोकून घसा साफ केला आणि हाक दिली, "या जेवायला, सायेब!" साहेब आत गेले, भाऊजींच्या शेजारी मांडी घालून बसले आणि ताटाची वाट बघू लागले. जनकाबाईनं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेनं, हसत वाढलं. दुसऱ्या दिवशी बोलावणं झालं, साहेब पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडा भरायच्या आत जनकाबाई माझ्या दारात उभी.

"अक्का, लेकराला घरी खायला घालत न्हाईत का?"

"घालते की. तुमीच बोलवता म्हनून येतं."

"आवं, म्हनायचं आसतं तसं! येवढं बी कळत न्हाई का त्याला?"

नव्हतंच कळत. भीमराज बोलायचा कमी, आणि बोललाच तर ऐकलेलं वाक्य ऐकलेल्या आवाजात, सुरासकट परत करायचा. कुणाच्या डोळ्याकडे बघायचा नाही. डब्याचं झाकण फिरवत तासन्‌तास बसायचा. ताटात वरण भाकरीला शिवलं की ताट उपडं, आणि जेवताना त्याच्या ताटाला माझा हात लागला तरी किंचाळायचा. यावर गल्लीकडे भरपूर इलाज होते. कुणी जिभेला मध लावायला सांगितलं. कुणी म्हणालं, गुरुजीचं पोरगं हाय, लई शिकवून डोकं तापलं आसंल.

गुरुजी म्हणजे माझा नवरा, प्रेमानंद. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. शेवटी आम्ही पोराला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला. गुरुजींनी लगेच औषध विचारलं. बाई म्हणाल्या, "औषध नाही. त्याच्याशी सरळ बोला. जे करणार असाल तेच बोला. तो शब्द जसाच्या तसा घेतो."

परतीच्या एसटीत गुरुजी वारंगा फाट्याला म्हणाले, "गल्ली लई मोठी हाय. त्यापरीस पोरालाच शिकवू."

आणि शिकवलं. पाढे घोकून घ्यावेत तसं. "कुनी 'ये जेवायला' म्हनलं की काय म्हनायचं?" "होऊ द्या." बरोबर आलं की बिस्कीट. पावसाळा संपेपर्यंत भीमराज पक्का झाला. गल्ली खूश झाली. "सुधरून राहिलं बरं का लेकरू!" जनकाबाई तर लांबूनच त्याला मोठ्यानं बोलवायला लागली. पोरगं चारचौघांसारखं खोटं बोलायला लागलं, तेव्हा ते लोकांना शहाणं वाटलं.

मग एका दुपारी मी पिठलं केलं, त्याच्या आवडीचं, वेगळ्या वाटीत. हाक मारली, "भीमराज, ये जेवायला."

"होऊ द्या," तो गुरुजींच्या आवाजात म्हणाला आणि पुढं गेला.

मला हसू आलं. पुन्हा बोलावलं. "होऊ द्या." भुकेनं त्याचा जीव कासावीस झालेला, स्वतःचं मनगट चावत होता, पण मी बोलावलं की "होऊ द्या." शेवटी मी काही न बोलता ताट त्याच्यासमोर ठेवलं, तेव्हा बसून जेवला. म्हणजे मी मुकी असले तरच त्याचा माझ्यावर भरवसा.

मी चुलीपुढं बसून रडले. आमच्यामागं याला जेवायला कोण बोलावणार, ही भीती माझ्या पोटात कायमची होती. आता कळलं, उद्या कुणी खरोखर बोलावलं तरी हा "होऊ द्या" म्हणून उपाशी पुढं जाईल.

मी गुरुजींना म्हणाले, "तुमचा धडा पुसून टाका."

"शिकवायचं ट्रेनिंग झालं माझं," ते म्हणाले, "इसरवायचं न्हाई झालं."

मग मीच घरोघर गेले. "भाकर आसंल आन वाढायची आसंल तरच माझ्या लेकराला बोलवा. न्हाईतर बोलवू नका." एवढंच म्हणाले. कोंबडी चोरल्याचा आळ घेतला असता तरी लोक इतके भडकले नसते. "आमच्या माणुसकीवर शक घेऊन राहिली!" तेव्हापासून भीमराज दिसला की गल्ली मुकी. शेजारची भिकाबाई ताट उचलून पत्र्यामागं जायची. अख्ख्या ग्रामसभेपुढं बोलणारे हरिचंदभाऊजी भिंतीकडे तोंड करून घास चावायचे. भीमराज सवयीनं प्रत्येक दारापुढं थांबायचा, हाकेची वाट बघायचा, आणि पुढं सरकायचा. मी खरं बोलून लेकराला एकटं पाडलं होतं. फार वाईट वाटायचं.

घरात मात्र मी चिकाटी धरली. आधी ताट मांडायचं, त्याचं बोट भाकरीवर ठेवायचं, मग म्हणायचं, "भाकर हाय. ये." हळूहळू यायला लागला. पण मग मलाही "आत्ता आले" आणि "उद्या बाजारला नेते" असलं काही उगीच म्हणता येईना. जे करायचं नाही ते बोलायचं बंद केल्यावर माझं निम्मं बोलणंच संपलं. गुरुजींचं तर त्याहून जास्त.

उन्हाळ्यातली दुपार होती. भीमराज आमच्या उंबऱ्याशी जेवत होता. हरिचंदभाऊजी घरून जेवून, दात कोरत चालले होते. एकदम खोकून घसा साफ केल्याचा आवाज आला.

"या जेवायला, सायेब!"

हुबेहूब भाऊजींचा आवाज. भाऊजी कसनुसं हसले. "होऊ द्या, होऊ द्या."

भीमराज उठला. मला वाटलं, नुसतं ऐकलेलंच बोलला असेल. पण तो आत गेला, भांडी खडखडवली, दुसरं ताट आणलं. त्यात भाकरी ठेवली, पिठल्याची वाटी भाकरीपासून लांब ठेवली. मग रस्त्यावर जाऊन भाऊजींची बाही धरली. कधी आपणहून कुणाला न शिवणारा माझा पोरगा.

"माझं झालं रं जेवन, बाळा."

भीमराज हलेना. बाही सोडेना. दारादारांत माणसं उभी राहिली. "ऱ्हाऊ द्या भाऊजी" असं म्हणून मी त्यांची सुटका करू शकले असते. नाही केली.

भाऊजी बसले. भरल्या पोटी अख्खी भाकरी खाल्ली, कारण तुकडा ठेवून उठायला लागले की भीमराज पुन्हा बाही धरायचा. घाम पुसत म्हणाले, "वयनी, मीठ जास्त झालंय." माझ्या दारात ते पहिल्यांदाच मनातलं बोलले.

हात धुऊन निघताना सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "येजो उद्या आमच्याकडं जेवायला." आणि ते जागीच थबकले. भीमराज मान तिरकी करून उभा होता, ओठ हलायच्या बेतात.

"भाऊजी," मी विचारलं, "उद्या भाजी काय हाय?"

त्यांनी एकदा भीमराजकडे पाहिलं. मग आपल्या घराकडे तोंड करून ओरडले, "आगं, उद्या काय भाजी हाय?"

"काहून?" आतून जनकाबाई.

"भीमराज जेवायला येऊन राहिला!"

पलीकडे डबे वाजले. मग आवाज आला, "वांगं हाय. वरन येगळ्या वाटीत वाढीन म्हना."

ते तिला मी कधी सांगितलं नव्हतं. भीमराज "होऊ द्या" म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर तो भाऊजींच्या ओसरीवर मांडी घालून बसला होता, आणि जनकाबाई आत्ताशी वांगी चिरत होती.