अंगाईची राहून गेलेली ओळ

"गानं पुरं म्हणजो वं अंजू. शेवटची ओळ सोडू नको, तिच्यात मी आहो."

रुखमाबाईने लेकीला असं बजावलं, तेव्हा अंजू मोबाइल डब्याला टेकवून उभा करत होती. ती हसली. "आई, शेवटपर्यंत जागते कोन? तुही नात दुसऱ्या कडव्यातच घोरते."

मित्रांनो, ती सोडून दिलेली ओळ म्हणजे मी. मी एका जुन्या अंगाईची शेवटची ओळ आहे. मला ना हात, ना पाय. कुणाच्या गळ्यात जागा मिळाली तरच मी जगते. माझ्यात काय आहे, ते एवढ्यात सांगत नाही. माझी जागाच शेवटी आहे, त्याला मी काय करू!

माझा जन्म नागपुरातल्या तांडापेठेत झाला, हातमागाच्या शेजारी. ईश्वरदास माग चालवायचे. त्यांची बायको रुखमा बाजूला बसून मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. मधे जुन्या लुगड्याची झोळी आणि झोळीत तान्ही अंजू. झोळीची दोरी रुखमाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. मागाच्या खटखटीवर तिने शब्द बसवले, चालही तिचीच.

निज वं माय, निज वं, धोटा बी निजला,
सूत निजलं कांडीवर, माग बी निजला.

पुढे अंगाईत चूल निजते, दारातली बकरी निजते, गल्लीतलं भांडखोर कुत्रंही निजतं. भजनाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं, तसं आपलंही यावं असं रुखमाला वाटलं. म्हणून तिने मला रचलं आणि आपलं नाव माझ्या पदरात बांधलं.

ईश्वरदासांनी माग थांबवला. "वा वं! संतीन झाली का तू?"

"हाव, झाली. तुमचं काय गेलं?"

दोघंही हसले. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

कारण, मित्रांनो, भजनाच्या शेवटच्या ओळीला टाळ्या मिळतात. अंगाईच्या शेवटच्या ओळीला काय मिळतं? ती येण्याआधीच ऐकणारा झोपलेला असतो. मूल झोपलं की आई गाणं तिथेच थांबवते, उगाच उठायला नको म्हणून. माझ्या पुढच्या ओळी रोज हिंडून यायच्या आणि मी गळ्याच्या दाराशी उभी.

मग घरातून माग निघाला, पुढे ईश्वरदासही गेले. अंजू शिकली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. घरात रुखमाबाई एकटी उरली. दुपारी गल्ली सामसूम झाली की ती मागाखालच्या, आता बुजवलेल्या खड्ड्यापाशी आडवी व्हायची आणि हळू आवाजात अख्खी अंगाई म्हणायची. निजवायला कुणीच नसल्यामुळे मधे थांबायचं कारण नव्हतं. आता मी रोज म्हटली जाऊ लागले. पण खरं सांगते, असं म्हटलं जाण्यापेक्षा दाराशी उभं राहणंच बरं होतं.

तिकडे अंजूलाही मुलगी झाली. अंजू फार धास्तावलेली आई. लेक झोपली की ती नाकापाशी बोट धरून श्वास पाहायची. स्वयंपाकघरात जायची, दूध आटवायला ठेवायची, पुन्हा येऊन बोट धरायची. आईकडे आली असताना तिने ती अंगाई मोबाइलवर गाऊन इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकली, अर्थात मला वगळून. खाली लिहिलं, 'पारंपरिक अंगाई'. तसं लिहिलं की गाण्याला मान येतो, असं तिला वाटलं.

गाणं गावोगाव पोचलं. एक दिवस रुखमाबाई शेजारच्या यमुताईंकडे टीव्ही बघत बसली होती. बाळाच्या दुलईची जाहिरात लागली आणि कुणी अनोळखी बाई धोट्याला निजवू लागली.

"हे तं माहं गानं होय!" रुखमाबाई ताडकन उठली.

"हाव नं, अन् ते दुलई माही होय," यमुताई म्हणाल्या. "अंगाई का कोन्या एकाची राह्यते, बाप्पा?"

रुखमाबाई तशीच घरी आली. त्या दुपारी तिने अंगाई म्हटलीच नाही. स्वतःच्या गाण्यात तिला परक्यासारखं वाटू लागलं होतं.

अंजूला हे कळलं तेव्हा तिने दुलईवाल्यांना विचारलं. त्यांनी उलट सांगितलं, "पारंपरिक तर तुम्हीच लिहिलंय." मग कुणीतरी तिला सीताबर्डीतल्या एका संस्थेचा पत्ता दिला. पाठीशी मोठी कंपनी नसलेल्या गाणाऱ्या-रचणाऱ्या लोकांसाठी ही संस्था काम करते. कुणाचं गाणं कुठे वाजतं यावर लक्ष ठेवते, त्यांचं नाव आणि त्यांचा वाटा त्यांना मिळवून देते. तिथे दिपाली नावाची मुलगी होती.

"ताई, शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, गाणाऱ्याचा वेगळा," दिपाली म्हणाली. "त्यातले पहिले दोन तुमच्या आईचे होते. पारंपरिक म्हणजे रचणारा कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही सख्ख्या आईला खोडून टाकलंत. बरं, गाण्यात कुठे त्यांचं नाव येतं का?"

"येतं," अंजू म्हणाली. "मीच गाळलं."

रविवारी दुपारी अंजू आणि दिपाली बाळाला घेऊन तांडापेठेत आल्या. नातीला झोळीत घातलं. रुखमाबाई गायला लागली. धोटा निजला, चूल निजली, बकरी निजली आणि नातही निजली. रुखमाबाई सवयीने थांबली.

"आई, थांबू नको नं!"

"लेकरू उठन वं."

"उठू दे!"

रुखमाबाईने एकदा झोळीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि मला म्हटलं. माणसांसमोर, मोठ्याने!

"आलं, नाव आलं!" दिपालीने टाळी वाजवली. "एवढ्याने भागणार नाही, ही ओळ जुनीच असल्याची साक्षही लागेल."

दारात उभ्या यमुताई ओशाळून म्हणाल्या, "मी देतो साक्ष. हे ओळ तं मले रोज दुपारी भिंतीतून आयकू येते. मले वाटे, हे रडून राहिली."

काही दिवस गेले, पण काम झालं. दुलईवाल्यांनी नाव मान्य केलं. आता ती अंगाई जिथे वाजते तिथे 'शब्द आणि चाल : रुखमाबाई' असं लिहिलेलं येतं, आणि तिचा वाटा तिच्या खात्यात जमा होतो. अंजूने फोनवर ही बातमी दिली, तेव्हा रुखमाबाई म्हणाली, "चांगलं झालं. मंग तू केव्हा येतं?"

"येतो नं आई. हिचे दात येऊन राहिले, सवड झाली की येतो."

मित्रांनो, मला मान मिळाला. पण सगळ्यांनी माझ्यातलं नाव ऐकलं. माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही.

आज दुपारी अंजूची लेक काही केल्या झोपेना. कडव्यामागून कडवं संपलं आणि मोकळ्या गळ्याने अंजू पहिल्यांदाच माझ्यापर्यंत आली. आता माझी जागा आली आहे, म्हणून सांगते. मी अशी आहे :

साऱ्याईले निजवलं, आता रुखमा पुसते,
रुखमाले निजवाले कोन वं येते?

त्या 'वं'पाशी अंजूने झोळी थांबवली. झोळीतल्या मुलीला 'अगं' म्हणून विचारलेला प्रश्न होता तो. आणि रुखमाने तो रचला तेव्हा झोळीत अंजूच होती.

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. यमुताई लेकाकडे कोराडीला गेलेल्या, शेजारून जाऊन बघायला कुणी नाही. अंजूने लेकीला कडेवर घेतलं, दाराला कुलूप घातलं आणि आता ती ऑटोत आहे. बेसाहून तांडापेठ म्हणजे अख्खं नागपूर ओलांडायचं.

तोवर, मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी जवळ राहत असेल तर जरा जाऊन रुखमाबाईचं दार वाजवा. तांडापेठ लांब असेल, तर तुमच्या घरात सगळ्यांना निजवून जी मागून निजते, तिच्याकडे जा. ती झोपली असेल तर नाकापाशी अलगद बोट धरा, पण उठवू नका. जागी असेल तर जवळ बसा आणि अंगाई म्हणा.

मी येईपर्यंत मात्र थांबा.