दोघांचं रक्त

ओरेस्टच्या अंगात अकरा वर्षं बायकोची किडनी होती. विनिपेगच्या उत्तर भागात, रेल्वे यार्डापलीकडच्या गल्ल्यांत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ओरेस्ट ते ज्याला-त्याला सांगायचा. "माझ्या पोटात स्तेफा बसलीय. बिअरचा ग्लास उचलला की आतून ओरडते."

"पुरे कर रे," स्तेफा म्हणायची. "लोक जेवतायत."

ती किडनी टिकावी म्हणून तो सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायचा. परकं काही दिसलं की त्याच्यावर तुटून पडायचं ही शरीराची खोड. गोळ्या ती खोड दाबून ठेवायच्या. करोना आला, मागोमाग लस आली, तेव्हा त्याच गोळ्या आडव्या आल्या.

सत्तरीपुढच्या माणसांना लस कितपत लागू पडते याचा विद्यापीठात अभ्यास चालला होता. दोघांनी नावं दिली. मारिसेल नावाची नर्स अधूनमधून घरी यायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी दोघांचं रक्त काढायची. दोन डोसनंतर निकाल आला. त्र्याहत्तरच्या स्तेफाच्या रक्तात अँटीबॉडी भरपूर निघाल्या. शहात्तरच्या ओरेस्टच्या रक्तात जवळजवळ नाहीतच.

"शाळेतही माझं असंच होतं," ओरेस्ट म्हणाला. "शिकवलेलं डोक्यात शिरायचं नाही."

"वयाने थोडं मंदावतंच, आजोबा," मारिसेल म्हणाली, "पण तुमचं हे गोळ्यांमुळे. तिसरा डोस घेऊन बघू. पुष्कळांना तेव्हा येतात."

तिसऱ्या डोसनंतर आकडा हलला, पण नावापुरता. "लस घेतलीच नाही असं समजून राहा," डॉक्टरांनी फोनवर बजावलं.

दोघं तसेच राहिले. सामान दाराशी येई. कॅल्गरीहून त्यांची मुलगी लार्यसा रोज संध्याकाळी फोन करून उलटतपासणी घेई. "आई, कोण आलं होतं? कुठे गेली होतीस?"

"कुठे जाणार गं मी?"

खरंच ती कुठे जात नव्हती, आणि दीड वर्षात सुकून गेली होती. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका विकायच्या पेरोगी, म्हणजे पाण्यात उकडायच्या करंज्या, वळायला जमत. बटाट्याचं सारण, हातभर पीठ, आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. चाळीस वर्षांत स्तेफाने बाळंतपण आणि किडनीचं ऑपरेशन सोडून गुरुवार चुकवला नव्हता. आता ती खिडकीत बसून असायची. ओरेस्ट काही बोलला तर दोनदा विचारायची, काय म्हणालास? डिसेंबरात नाताळच्या ऑर्डरी तुंबल्या आणि चर्चमधून फोन आला. तिने नाही म्हणून सांगितलं, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडली. नळाच्या आवाजात ते काही झाकलं गेलं नाही.

"जा तू," ती बाहेर आल्यावर ओरेस्ट म्हणाला.

"वेडा आहेस का?"

"मास्क लाव, खिडकीपाशी बस, दोन तासांनी ये. तुझ्याशिवाय त्यांच्या पेरोगी पाण्यात उघड्या पडतात. मागच्या वर्षी काय खाल्लं आपण? बटाट्याचं सूप."

"आणि तुला काही झालं तर?"

"व्हायचं असेल तर पोस्टमनसुद्धा पुरेल. जा गं. तुझं हे तोंड बघवत नाही मला."

ती गेली. मास्क लावला, खिडकीपाशी बसली, आणि कितीतरी महिन्यांनी पोट दुखेपर्यंत हसली. फक्त चहाच्या वेळी तिने मास्क उतरवला. समोर बसलेली हान्या खोकत होती. हीटरने घसा सुकतो गं, म्हणाली.

रविवारी सकाळी स्तेफाच्या घशात खवखव सुरू झाली. तिने गुपचूप घरची चाचणी केली. एकच रेघ आली. सर्दी असणार, असं तिने ठरवून टाकलं. संध्याकाळी लार्यसाला "कुठेच गेले नाही" म्हणाली, आणि झोपताना नेहमीसारखे आपले गार पाय ओरेस्टच्या पायांत घातले. सोमवारी दुसरी रेघ उमटली.

बुधवारी ओरेस्टला ताप भरला. शुक्रवारी अॅम्ब्युलन्स आली. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. त्यांनी त्याला चार ब्लँकेटांत गुंडाळून नेलं, त्याचा चेहरासुद्धा धड दिसला नाही. स्तेफाला सोमवारपासून दहा दिवस घराबाहेर पडायची बंदी होती.

"घरात आलंच कुठून हे?" लार्यसाने फोनवर विचारलं.

"फर्नेस बंद पडून घर गारठलं होतं, दुरुस्तीला माणूस आला होता," स्तेफा म्हणाली.

तिला तीन दिवस नाक गळण्यापलीकडे काही झालं नाही. ओरेस्टच्या फुप्फुसांत मात्र त्या दुखण्याने मुक्काम ठोकला. रविवारी डॉक्टरांनी दोघांना एकाच फोनवर घेतलं.

"किडनीच्या गोळ्या थांबवू या. म्हणजे अंगाला लढायला थोडी मोकळीक मिळेल."

"आणि किडनी?" ऑक्सिजनच्या मास्कमधून ओरेस्टचा आवाज आला.

"ती कदाचित जाईल. मग डायलिसिस."

"मग नको."

"थांबवा गोळ्या, डॉक्टर," स्तेफा घरून म्हणाली. "जाऊ दे ती किडनी."

"तुझी आहे ती, स्तेफा."

"माझीच आहे ना? मग मी सांगते. टाकून दे."

मग ओरेस्ट रडायला लागला. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिने त्याला आईच्या दफनाखेरीज रडताना ऐकलं नव्हतं. "जपली होती गं मी," तो म्हणाला. "एक गोळी चुकवली नाही."

"ठाऊक आहे मला. खूप जपलीस. आता तू घरी ये."

शेवटी तो हो म्हणाला.

मंगळवारी किडनी बंद पडली. गोळ्या थांबवल्यामुळे, की दुखण्यामुळेच, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही. बुधवारी दुपारी हॉस्पिटलातल्या एका नर्सने त्याच्या कानाशी फोन धरला आणि स्तेफा बोलत राहिली: दारातला बर्फ उपसलाय, फर्नेस नीट चालतोय, तुझा कोट धुवून ठेवलाय. कधीतरी मध्येच नर्स हळूच म्हणाली, "ते गेले, आजी." स्तेफाचे दहा दिवस दुसऱ्या दिवशी संपायचे होते. त्याच्याबरोबर तिची किडनीही मातीत गेली.

जानेवारीत मारिसेल शेवटचं रक्त घ्यायला आली. येऊ नको म्हणालात तरी चालेल, असं तिने आधी फोन करून सांगितलं होतं. स्तेफाने बाही वर केली. नंतर मारिसेलने एक कागद पुढे केला: ओरेस्टच्या रक्ताचे नमुने विद्यापीठाच्या फ्रीझरमध्ये आहेत, ते अभ्यासासाठी ठेवायचे का?

"कुणाला उपयोग होईल?"

"त्यांच्यासारख्यांना. कितव्या डोसला कुणाचं रक्त जागं होतं, ते कळतं."

स्तेफाने सही केली. मग पेन खाली न ठेवताच म्हणाली, "रविवारी माझा घसा दुखत होता. मला कळलं होतं गं. मी त्याच्याशेजारी झोपले."

तुमची चूक नाही, असं मारिसेल म्हणाली नाही. तिने हातमोजे काढले आणि स्तेफाचा हात धरून बसून राहिली. तिला पुढे आणखी दोन घरी जायचं होतं, तरी ती बराच वेळ उठली नाही.

त्याच संध्याकाळी स्तेफाने लार्यसाला सगळं सांगितलं. चर्च, चहा, हान्याचा खोकला, घसा. फर्नेसवाला कुणी आलाच नव्हता, तेही.

"आई, मला आत्ता बोलता येणार नाही," लार्यसा म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर संध्याकाळचे फोन बंद झाले.

ओरेस्ट गेल्यावर चाळिसाव्या दिवशी होणाऱ्या प्रार्थनेला मात्र ती विमानाने आली. आईच्या शेजारी उभी राहिली, पण तिच्याकडे बघितलं नाही. प्रार्थना संपल्यावर दोघी चर्चच्या पायऱ्यांवर आल्या. वारा बोचत होता, आणि स्तेफाच्या गारठलेल्या बोटांना कोटाचं वरचं बटण काही केल्या लागत नव्हतं. लार्यसाने हातमोजा दातांनी ओढून काढला, बटण लावून दिलं, आणि गाडी आणायला गेली.