मकरंद पंगतीतून उठला

सूनबाईनं मला ॲरे शिकवायला घेतला तेव्हा मी मेथी निवडत होते, आणि पहिल्याच वाक्याला आमचं बिनसलं.

"आई, ॲरे म्हणजे ओळ. तुमची डब्याची माणसं एकामागून एक बसलीत असं समजा. पहिला श्रीहरी. त्याचा नंबर शून्य."

"रोज माझ्या हातचं जेवतो तो. त्याला शून्य कसं म्हणतीस?"

"जावास्क्रिप्टमध्ये शून्यापासूनच मोजतात, आई."

"मोजू देत. माझ्या स्वयंपाकघरात श्रीहरी एक नंबरच."

रंजिता हसली आणि पुन्हा लॅपटॉपवर टकटक करत बसली. ती घरूनच काम करते, लोकांच्या वेबसाइटी बनवते. मी चंद्राबाई, माहेर निपाणीचं. लग्न होऊन या कानडी शहरात, बनशंकरी भागात आले ती इथलीच झाले. दुपारचे डबे देते. भाकरी, भाजी, आमटी, भात, आणि शेंगदाण्याची चटणी न मागता. कोण कुठं राहतं, कुणाला लसूण चालत नाही, सगळं माझ्या डोक्यात असायचं. पण मधे एकदा कुलूप लावून गावाला गेलेल्या माणसाच्या दारात डबा पोचला, आणि माझा मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे झालं डोक्यावर." मग रंजितानं ओट्याच्या वर भिंतीला टॅब लावला. ज्याला उद्या डबा नको त्यानं आपल्या मोबाइलवर बटण दाबायचं. सकाळी टॅबवर नावं उमटतात, ती बघून मी डबे भरते, आणि आमचा बसवंत ते ऑटोतून पोचवतो. ऑटो ज्या रस्त्यानं जाणार त्याच क्रमानं नावं. चांगलं होतं की. मी उगीच नावं ठेवत होते, कारण सुनेनं केलेल्या गोष्टीला लगेच चांगलं म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही.

आता नरसिंहरावांचं सांगते. बसवनगुडीत राहतात, सरकारी संशोधन संस्थेतनं रिटायर झाले, मूळचे पुण्याचे. त्यांच्या बायकोनं, प्रतिमावहिनींनी, मला या धंद्यात ढकललं. कुणाच्या तरी हळदीकुंकवाला माझं थालीपीठ खाल्लं आणि म्हणाल्या, "चंद्रा, घरात बसून काय करतेस?" पहिली गिऱ्हाईकं त्यांनीच आणून दिली. गेल्या वर्षी त्या गेल्या. मुलगा परदेशात. तेव्हापासून नरसिंहरावांचा डबा माझ्याकडनं जातो.

डबा जातो, पण माणूस किरकिरं. आमटीत गूळ नसला की यांच्या घशाखाली घास उतरत नाही. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय. एका दुपारी फोन आला, "चंद्राबाई, तुमच्या निपाणीत गुळावर बंदी आहे का हो?" मी सकाळपासून चुलीपुढं उभी, त्यात गॅस संपलेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "पटत नसेल तर दुसरीकडं बघा डबा." ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅबवर त्यांचं नाव नव्हतं.

मी नावं दोनदा वाचली. त्यांच्याच गल्लीतला मकरंद नव्हता, पण तो सांगलीला बहिणीच्या लग्नाला जाणार होता, हे मला ठाऊक होतं. टॅब लावल्यापासून सुट्टी घेणारा तो पहिलाच. नरसिंहराव मात्र कुठं लग्नाला जाणार? म्हणजे यांनी बटण दाबलंच. एवढ्याशा बोलण्यावर माणूस रुसला. रुसू दे, म्हटलं. मीही काही कमी नाही.

त्याच्या पुढच्या दिवशीही नाव नाही. त्याच्याही पुढच्या नाही. माझा राग वाढत गेला, आणि खरं सांगायचं तर रागाच्या खाली भीती होती. वहिनी जाताना दवाखान्यात माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "यांना चहासुद्धा धड करता येत नाही गं." मी म्हटलं होतं, मी आहे. आणि आता तो माणूस कुठल्या हॉटेलचं सोडा घातलेलं खात असेल देव जाणे. फोन करावा असं रोज वाटायचं, आणि रोज वाटायचं, मी का म्हणून? त्यांनी तोडलं, त्यांनी जोडावं.

मग बसवंत बोलला. तो रिकामे डबे ठेवायला आला होता, ताक पीत सहज म्हणाला, "अक्का, नरसिंहराव अण्णांचा डबा बंद केलास काय?"

"मी कशाला बंद करू? त्यांनीच केला."

"मग ते रोज गेटपाशी का उभे असतात?"

 म्हटलं, नीट सांग.

"माझी ऑटो यायच्या वेळेला उभे असतात. हातात पेपर. मी पुढं गेलो की बघत राहतात. काल कोपऱ्यावरच्या बेकरीतनं बन घेऊन चालले होते. मी विचारलं, ऊट आयता, जेवलात का? तर म्हणाले, सरी, सरी, बरंय बरंय, आणि गेले आत."

थांबून त्यांना नीट विचारता आलं नाही का तुला, म्हणून मी बसवंतलाच झापलं. तो म्हणाला, "नाव नव्हतं, अक्का." खरंच होतं. तोही नाव बघतो, मीही नाव बघते. माणूस कुणीच बघितला नव्हता.

मी रंजिताच्या खोलीत गेले. ती कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. मी हेडफोन काढला. "नरसिंहरावांनी बटण दाबलं होतं का, ते बघ."

तिनं बघितलं. "नाही, आई. त्यांनी कधीच नाही दाबलं. सुट्टी फक्त मकरंदची आहे."

"मग नाव गेलं कुठं?"

तिनं पडद्यावरच्या ओळी वर-खाली सरकवून बघितल्या. मग तिचं तोंड एवढंसं झालं. "माझ्यामुळं गेलं," म्हणाली. "या, ओट्यापाशी या."

तिनं ओट्यावर वाट्या ओळीनं मांडल्या आणि माझ्या हातात पळी दिली. "ही पंगत. तुम्ही वाढायला निघालात. माझ्या प्रोग्रॅमला माणसं कळत नाहीत, नंबर कळतात. आधी शून्य नंबरला जायचं, मग एक, मग दोन. ज्यानं नको म्हटलंय त्याला ओळीतनं उठवायचं, बाकीच्यांना वाढायचं. चला."

मी श्रीहरीला वाढलं, मग पुढच्या दोघांना. तीन नंबरला मकरंदची वाटी. रंजितानं ती उचलली. "हा उठला. आणि ॲरेत मधली जागा रिकामी राहत नाही, मागचे सगळे एकेक पाट अलीकडं सरकतात." तिनं वाट्या सरकवल्या. "आता तुमचा तीन नंबर उरकला. पुढं जा, चारला."

मी चार नंबरला वाढलं.

"ही कुणाची वाटी?"

"नरसिंहरावांची."

"नाही. ही त्यांच्या पुढच्या घरच्या अभिमन्यूची. काका चारवर होते, ते सरकून तीनवर आले. तुम्ही तीन सोडून पुढं आलात."

मागं वळून बघितलं तर वाटी तिथं होती, रिकामी. मी स्वतःच्या हातानं तिला ओलांडून गेले होते. 

"अगं, पंगतीतनं मधेच कुणी उठत नसतं," मी म्हटलं. "शेवटचं माणूस जेवून होईपर्यंत बसायचं असतं. शेंबड्या पोराला कळतं हे. तुझ्या त्या ॲरेला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं, आई," ती म्हणाली. डोळे भरले होते पोरीचे. मी तिला रागवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "आता आधी जेवणाऱ्यांची वेगळी ओळ करते आणि मगच वाढायला लावते. वाढणं चालू असताना कुणाला उठवायचंच नाही."

"ते तू कर. मी आमटी करते."

आमटीत गूळ घातला. स्वल्प नाही, चांगला खडा घातला. आमच्या सात पिढ्यांत कुणी घातला नसेल. डबा घेऊन मीच बसवंतच्या ऑटोत बसले.

नरसिंहराव गेटपाशी होते. मला बघून पेपर उघडला. पेपर उलटा होता, पण ते मी बोलले नाही.

"तुमचा डबा," म्हटलं.

"मला वाटलं, तुम्ही मला काढून टाकलंत."

"आणि मला वाटलं, तुम्ही मला."

आत गेलो. स्वयंपाकघरात माझाच रिकामा डबा घासूनपुसून पालथा ठेवला होता, शेजारी बेकरीची पिशवी. मी ताट घेतलं, वाढलं, आणि वाढता वाढता त्यांना सगळी हकीकत सांगितली. माणूस शास्त्रज्ञ, त्यांना चटकन कळली. हसले चक्क. "म्हणजे मकरंद उठला, आणि माझं पान चुकलं."

"हो. शेजारचं माणूस उठलं की असं होतं म्हणे."

बोलून गेले आणि मग माझ्याच कानावर पडलं मी काय बोलले ते. त्यांनी वर बघितलं. भिंतीवर वहिनींचा फोटो होता.

"खरंय," ते म्हणाले. "ती असताना या घरात रोज कुणी ना कुणी यायचं. ती उठून गेली आणि..."  आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

लोकांचं येणं थांबलं, हे रंजिताच्या मशिनीनं केलेलं नव्हतं. वहिनींच्या दहाव्याला मी इथं दिवसभर होते. त्यानंतर उंबरठा चढले नव्हते. डबा तेवढा धाडत होते. मला रडू आलं, ते मी पदरानं पुसलं आणि म्हटलं, "आमटी कशी झालीय?"

"गूळ जास्त झालाय."

"गप जेवा."

बाहेर बसवंत हॉर्न वाजवत होता. अजून डबे पोचवायचे होते. मी खिडकीतनं ओरडून सांगितलं, बाकीचे टाकून ये आणि मग मला ने. मग आत येऊन दुसरं ताट घेतलं, त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत उठले नाही.