बार्नबी काही करत नाही

रॉजर थ्रिंग ‘माळमित्र मंडळा’चा अध्यक्ष झाला तर सगळ्यात मोठा लाभ त्याच्या बायकोचा, बेरिलचा होता. शाळा-तपासनीस म्हणून निवृत्त झाल्यापासून तो घरातल्या बरण्या तपासत असे. अध्यक्ष झाला की आठवड्याचे चार दिवस रानात, म्हणजे बेरिलला चार दिवस घर मोकळं. रॉजरला काय, एक हिरवं जाकीट आणि लोकांना टोकायचा परवाना. टोकत तो बिनपरवानाही असेच.

मे महिन्यातल्या रविवारी मंडळी रॅडकोम्बच्या राखीव रानात फिरायला निघाली. फेरीनंतर अध्यक्षाची निवड होती. बर्चची झाडी संपून हेदरच्या खुरट्या झुडपांचा माळ लागेपर्यंत रॉजरनं दिसेल त्याला कुत्रं बांधायला लावलं. चंडोल जमिनीवर अंडी घालतो, समजायला नको लोकांना? त्याचा स्वतःचा कुत्रा बार्नबी तेवढा मोकळा हुंदडत होता.

“रॉजर, बार्नबीला पट्टा नाही घातलास?” मंडळातल्या मिसेस पॉमफ्रेटनी गोड आवाजात विचारलं.

“त्याला कशाला? तो काही करत नाही.”

इथे प्रत्येक मालकाचं हेच म्हणणं. जी काही करतात ती कुत्री नेहमी दुसऱ्यांची असतात.

एवढ्यात हेदरमधून एक पाखरू फडफडत उठलं. पाठोपाठ बार्नबी बाहेर आला, मिशा चाटत. मिशांना पिवळा बलक, त्यात ठिपक्यांचं टरफल. पाहिलं सगळ्यांनी. पण चारचौघांत बोलून शोभा कोण करणार? एकानं आभाळाकडे पाहून पावसाचा अंदाज सांगितला.

“किती आनंदी कुत्रा आहे, नाही?” मिसेस पॉमफ्रेट म्हणाल्या. या गावात याहून जहरी शिवी नाही. रॉजरनं मान डोलावून आभार मानले.

बेरिलनंही पाहिलं होतं. तोंड उघडलं तर सोमवारी नवरा पुन्हा बरण्यांपाशी. तिनं रुमाल काढला आणि कुत्र्याचं थोबाड नीट पुसलं.

“चिखल,” ती म्हणाली.

पुढच्या बाकापाशी चहा आणि अंड्याची सँडविचं निघाली. अध्यक्षपदासाठी सगळ्यांचे हात वर गेले. मिसेस पॉमफ्रेटचा जरा उशिरा, पण गेला. बार्नबीलाही अर्धं सँडविच मिळालं.

रॉजरला जाकीट मिळालं, बेरिलला घर, मंडळींना वाद टळल्याचं समाधान. माळावर चंडोलाची जोडी त्याच जागेवर घिरट्या घालत होती. या सगळ्याची किंमत त्या जोडीनं एकटीनं मोजली, आणि मत काही तिला नव्हतं.